चार दिवसांत शिकलेला मुलगा

मार्चचा दुसरा पंधरवडा लागला की नागपुरात घरोघरी कूलर माळ्यावरून खाली उतरतात, जुन्या ताट्या काढून वाळ्याच्या नव्या ताट्या बसवल्या जातात आणि गल्लीबोळांतल्या फॅब्रिकेशनच्या दुकानांना दम खायलाही फुरसत मिळत नाही. आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या खिडकीबाहेरचा कूलरचा लोखंडी स्टँड गंजून वाकला होता. तो बदलायला जवळच्याच एका दुकानातून दोघे आले: पन्नाशीकडे झुकलेला एक वेल्डर आणि त्याच्याबरोबर नुकतीच मिसरूड फुटलेला एक मुलगा. थोड्या वेळाने वेल्डरला कुठून तरी फोन आला आणि ‘आलोच’ असे म्हणून तो स्कूटर घेऊन निघून गेला. मी स्वयंपाकघरातून परत आले तेव्हा तो मुलगा खिडकीतून बाहेर उतरून अरुंद छज्ज्यावर उकिडवा बसला होता. पायांत रबरी चपला होत्या, डोळ्यांवर काहीही नव्हते आणि हातातल्या ग्राइंडरची चकती उघडी होती. तो जुना बोल्ट कापत होता. ठिणग्यांचा झोत त्याच्या पोटरीला घासून खाली रस्त्यावर पडत होता आणि तापलेल्या लोखंडाचा उग्र वास पडद्यापर्यंत आला होता.

मी त्याला आत बोलावले. त्याने मुकाट्याने बटण बंद केले आणि तो आत आला. चकतीवरचे झाकण कुठे आहे, असे मी विचारले तेव्हा त्याने मला समजावून सांगितले, “गार्ड लावला का कोपऱ्यात जात नाही काकू.” त्याच्या आवाजात उद्धटपणा अजिबात नव्हता, मला काळजी वाटू नये, एवढीच त्याची इच्छा दिसत होती. वय विचारले, तर म्हणाला, अठरा पूर्ण झाले. वेल्डर येईपर्यंत तू बस, असे म्हणून मी त्याला पाणी दिले आणि दुकानाच्या मालकाला फोन लावला. पलीकडून मोठ्या आपुलकीने उत्तर आले, “टेन्शन नका घेऊ ताई, पोट्टा लय हुशार आहे. चार दिवसांत सारं शिकला.”

ते कौतुक तेव्हापासून माझ्या मनातून जात नाही.

जात नाही, कारण ते खरे होते. मुलगा हुशारच होता. चार दिवसांत ग्राइंडर चालवायला शिकता येते, चकती बदलता येते, कुठल्या कोनात धरली की लोखंड लवकर कापले जाते हेही हाताला कळते. परंतु चार इंची ग्राइंडरची चकती मिनिटाला सुमारे ११ हजार फेरे घेते. म्हणजे तिच्या काठाचा वेग ताशी २०० किलोमीटरच्या वर जातो. ती कापताना फटीत अडकली, तर यंत्र उसळी मारून चालवणाऱ्याच्या अंगावर येते, आणि चकती फुटली तर तिचे तुकडे त्याच वेगाने सुटतात. छज्ज्यावर उकिडव्या बसलेल्या माणसाला मागे सरकायला जागाही नसते. हे त्या मुलाने चार दिवसांत पाहिलेले असण्याचा संभव फार कमी, कारण असे रोज घडत नाही. ज्याला आपण अनुभव म्हणतो त्याचा मोठा भाग बिघडलेले काम पाहण्यातून येतो. चौथ्या दिवशी माणसाच्या गाठीला फक्त नीट पार पडलेली कामे असतात, आणि त्यांच्याच बळावर तो पाचव्या दिवशी अधिक वेगाने हात चालवतो. टोरांटोच्या ‘इन्स्टिट्यूट फॉर वर्क अँड हेल्थ’ या संस्थेने अनेक वर्षे या प्रश्नाचा अभ्यास केला आहे. काम सोडून घरी बसावे लागेल अशी इजा होण्याचा धोका नोकरीच्या पहिल्या महिन्यात, वर्षापेक्षा जास्त काळ काम केलेल्यांच्या तिपटीहून अधिक असतो, असे तिथे आढळले. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०१८ साली म्हटले होते की, १५ ते २४ या वयातल्या कामगारांना जिवावर न बेतणाऱ्या इजा होण्याचे प्रमाण त्यांच्याहून मोठ्यांच्या तुलनेत ४० टक्क्यांपर्यंत जास्त असते. पहिली नोकरी आणि तरुण वय बहुधा एकत्रच येतात, त्यामुळे हे दोन्ही धोके एकाच मुलाच्या वाट्याला येतात.

माझ्या भाच्याने आयटीआयमधून फिटरचा ट्रेड केला आहे. सुरुवातीचे कित्येक आठवडे त्यांना लोखंडाचा एक तुकडा कानशीने घासून सपाट करायला लावत आणि गुण्या लावून त्याखालून उजेड दिसतो का, ते पाहायला सांगत. तेव्हा तो वैतागून घरी यायचा. तळहाताला फोड आलेले असायचे. आता तो म्हणतो की त्या घासण्याने मला लोखंड कळले आणि घाई न करण्याची सवय लागली. पुढे हिंगणा एमआयडीसीत तो ठेकेदारामार्फत कामाला लागला, तो पहिला दिवस त्याने मला बारकाईने सांगितला होता. फाटकापाशी सगळ्या नव्या मुलांना एका खोलीत बसवून सुरक्षिततेची हिंदी चित्रफीत दाखवली, रजिस्टरवर सह्या घेतल्या, हेल्मेट दिले. हे सारे अर्ध्या तासात आटोपले. मग सुपरवायझरने त्याला पॉवर प्रेसवर, म्हणजे पत्रा साच्यात दाबणाऱ्या यंत्रावर, काम करणाऱ्या एका मुलाच्या शेजारी उभे केले आणि सांगितले, “तो करतो तसं कर.”

तो मुलगा काय करत होता? प्रेसला दोन बटणे होती. दोन्ही एकदम दाबल्याशिवाय वरचा साचा खाली येऊ नये, म्हणजे स्ट्रोकच्या वेळी दोन्ही हात बाहेरच राहतील, यासाठीच ती दोन असतात. त्यांतले एक बटण लाकडाची पाचर मारून कायमचे दाबून ठेवलेले होते. दुसऱ्या बटणावर डावा हात आणि उजव्या हाताने पत्रा आत सरकवणे, अशी त्याची लय बसली होती. अशाने तासाला पुष्कळ नग जास्त निघतात आणि शिफ्टच्या शेवटी फळ्यावर त्याचेच नाव वरच्या ओळीत लिहिले जाई. भाच्याला पाचर पाहताक्षणी कळले की हे चूक आहे. आयटीआयमध्ये त्याने हे शिकलेले होते. मी त्याला विचारले, मग तू काही बोललास का? तो म्हणाला, “मावशी, पहिल्या दिवशी कोण बोलते? ठेकेदाराचा माणूस संध्याकाळीच सांगतो, उद्यापासून येऊ नको.” त्याने पाचर लावली नाही, स्वतःचे नग कमी निघू दिले, आणि त्याबद्दल पंधरा दिवस टोमणे ऐकले. घरची परिस्थिती बरी होती म्हणून त्याला ते जमले. त्याच खोलीत चित्रफीत पाहिलेल्या, गावाकडून आलेल्या आणि खोलीचे भाडे डोक्यावर असलेल्या मुलाने काय केले असते, हे सांगायला नको.

आपण तरुण कामगारांच्या सुरक्षिततेचा विषय काढला की हेल्मेट, हातमोजे, बूट यांच्या गोष्टी करतो. ही साधने हवीतच, यात वाद नाही. मात्र हातमोज्यांचेही तारतम्य असते. लेथ किंवा ड्रिलसारख्या फिरत्या यंत्रापाशी मोजा घातला तर तोच अडकून हात आत ओढला जातो. हातातले कडे, मनगटाचा दोरा, गळ्यातला दुपट्टा यांचेही तेच. कोणत्या ठिकाणी काय घालायचे आणि काय उतरवून ठेवायचे, हे नव्या मुलाला सांगणारे माणूस हवे. त्याहून मोठी गरज आहे ती “मला हे येत नाही”, “हे मला बरोबर वाटत नाही” असे म्हटल्यावर त्याचा रोज बुडणार नाही, या खात्रीची. ही खात्री मुलगा स्वतःच्या हिमतीवर निर्माण करू शकत नाही. ती मालकाने, ठेकेदाराने, सुपरवायझरने द्यायची असते. त्यांच्याकडून आज त्याला जे मिळते ते बहुतेक वेळा वेगाचे कौतुक असते, आणि अठरा वर्षांच्या मुलाला कौतुकाइतके दुसरे काहीही ओढून नेत नाही.

कायद्याला हे अगदीच उमगले नव्हते असे नाही. १९४८ च्या कारखाने अधिनियमातले २३ वे कलम सांगत होते की, धोकादायक यंत्रावर अल्पवयीन व्यक्तीला काम द्यायचे असेल, तर त्या यंत्रापासून होणारे धोके आणि घ्यायची खबरदारी तिला पूर्णपणे समजावून दिलेली असली पाहिजे, आणि तिला पुरेसे प्रशिक्षण तरी मिळालेले असावे किंवा जाणत्या माणसाची देखरेख तरी असावी. मी हे कलम वाचले तेव्हा वाटले, किती शहाणपणाने लिहिले आहे. परंतु ते अठरा वर्षे पूर्ण होईपर्यंतच लागू होते. वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी तोच मुलगा, त्याच हातांनी आणि तेवढ्याच अननुभवाने, त्या कलमाच्या बाहेर पडायचा. पुढे भोपाळच्या दुर्घटनेनंतर १९८७ साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि सर्वच वयाच्या कामगारांना माहिती, प्रशिक्षण व देखरेख पुरवणे हे कारखानदाराचे कर्तव्य ठरले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून या जुन्या कायद्याची जागा २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने घेतली आहे. मूळ कायद्यात विजेवर चालणाऱ्या ठिकाणी दहा कामगार असले की तो कारखाना ठरत असे. नव्या संहितेत ती संख्या वीस झाली. चार माणसांचे फॅब्रिकेशनचे दुकान कारखान्याच्या या व्याख्येत तेव्हाही बसत नव्हते आणि आताही बसत नाही.

अशा दुकानातून आलेल्या मुलाकडे मग कोणाचे लक्ष असते? ज्याच्या घरी काम चालू आहे त्याचे असू शकते. दर ठरवताना घासाघीस होते, ती होणारच. पण परांचीचे भाडे, जास्तीच्या माणसाची मजुरी आणि एक दिवस उशीर या तीन गोष्टींवर कात्री चालवली की तिची धार छज्ज्यावर बसलेल्या मुलापर्यंत पोहोचते. “आजच्या आज झाले पाहिजे” हा आग्रह बहुतेक घरांतून धरला जातो, आणि तो पाळला जातो तो सर्वांत धाकट्या माणसाच्या अंगावर.

माझे मोठे मामा गिरणीत विणकर होते. ते कामाला लागले तेव्हा त्यांचेही वय कोवळेच होते. त्यांना एका वयस्क विणकराच्या मागे उभे केले होते आणि सांच्याला, म्हणजे मागाला, हात लावायची परवानगी कितीतरी दिवस नव्हती. हात पुढे गेला की लाकडी पट्टीचा फटका बसायचा. मामा ते हसत हसत सांगत, पण सांगताना डाव्या हाताची बोटे आपोआप मिटून घेत. त्या काळाचे गोडवे गाण्याची मला इच्छा नाही. खात्यातल्या खडखडाटाने मामांचे कान गेले. आम्ही मुले त्यांच्याशी ओरडून बोलत असू. कापसाचा धूळ-तंतू वर्षानुवर्षे छातीत जाऊन कितीजणांना दमा लागला. मार खाऊन शिकणे हे शिकणे म्हणून कोणी आज पत्करू नये. तरीही एक गोष्ट मला त्या पट्टीच्या मागे दिसते: नव्या पोराचे काही बरेवाईट झाले तर आधी त्या वयस्क विणकराला जाब द्यावा लागे. पोरगा कोणाच्या तरी पदरात घातलेला असे. आज ठेकेदार म्हणतो, माणूस दिला, कंपनी बघेल; कंपनी म्हणते, माणूस ठेकेदाराचा आहे. मधल्या मोकळ्या जागेत तो मुलगा उभा असतो.

याच शहरात जमशेटजी टाटांनी १८७७ साली एम्प्रेस मिल सुरू केली आणि तिथे १८९५ पासून अपघातात जखमी झालेल्या कामगारांना भरपाई दिली जाऊ लागली. देशात तसा कायदा यायला त्यानंतर १९२३ साल उजाडले. त्या कायद्याला जोडलेले परिशिष्ट मी एकदा सबंध वाचले होते. कोणता अवयव गेला की कमावण्याची शक्ती किती टक्के घटली असे धरायचे, त्याची ती यादी आहे. अंगठ्याला ३० टक्के, पूर्ण तर्जनीला १४, करंगळीला ७. हाड न जाता तर्जनीचा नुसता शेंडा गेला तर ५. भरपाई काढताना मजुरीच्या ठराविक भागाला वयानुसार एका आकड्याने गुणतात. १६ वर्षांपर्यंत हा आकडा २२८.५४ असतो आणि वय वाढत जाते तसा उतरत ६५ व्या वर्षी ९९.३७ वर येतो. तरुणाचे आयुष्य पुढे पडलेले असते, त्याचे नुकसान मोठे, हे कायद्याने या आकड्यांत मान्य केले आहे. मला हे वाचून बरेही वाटले आणि रागही आला. बोट गेल्यावर ज्याच्या वयाची एवढी दखल घेतली जाते, त्याच्या वयाची दखल पहिल्या दिवशी यंत्रापुढे उभे करताना का घेतली जाऊ नये?

नागपूरच्या आसपास तर बोटांच्या पलीकडचे धोके आहेत. १७ डिसेंबर २०२३ रोजी बाजारगावजवळ स्फोटकांच्या कारखान्यात नऊ जण मृत्युमुखी पडले, त्यांत सहा स्त्रिया होत्या. १३ जून २०२४ ला धामन्याला आणि ११ एप्रिल २०२५ ला उमरेडच्या एमआयडीसीत स्फोट झाले. या दोन्ही वेळी वर्तमानपत्रांतल्या मृतांच्या यादीत नावापुढची वये वाचवत नव्हती. त्यांत २०, २१, २२ अशी वये होती. आसपासच्या खेड्यांतली ही मुले-मुली सकाळी डबा घेऊन निघालेली होती. स्फोटकांच्या कारखान्यात प्रत्येक इमारतीच्या दारावर आत जास्तीत जास्त किती माल आणि किती माणसे असावीत, याची मर्यादा लिहिलेली असते. बिघाड झालाच तर कमीत कमी जीव जावेत, हा त्यामागचा हिशेब. देशभरातल्या स्फोटकांच्या सुरक्षिततेवर देखरेख ठेवणाऱ्या ‘पेसो’ या संस्थेचे मुख्यालय आमच्या सेमिनरी हिल्सवर आहे, राष्ट्रीय अग्निशमन महाविद्यालयही नागपुरातच आहे. ज्ञान एवढे जवळ आहे. तेथून वीस-पंचवीस मैलांवर पॅकिंगच्या टेबलापाशी नव्याने बसलेल्या मुलीला आपण काय हाताळतो आहोत आणि कोणती खूण दिसली की सगळे टाकून पळायचे, हे तिच्या बोलीत, दिवसाउजेडी, पुन्हा पुन्हा कोणी सांगितले पाहिजे.

आणि ऊन. नवतपा, म्हणजे मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, सुरू झाला की खिशात कांदा आणि डोक्याला दुपट्टा बांधून आम्ही बाहेर पडतो, पण ज्याला दहा तास स्लॅबवर उभे राहून काँक्रीट ओढायचे आहे त्याचे त्याने भागत नाही. शरीर उन्हाला सरावायला आठवडा ते दोन आठवडे घेते. अमेरिकेतल्या ‘नायोश’ या संशोधन संस्थेची शिफारस अशी आहे की, उन्हात काम करायला आलेल्या नव्या माणसाला पहिल्या दिवशी नेहमीच्या कामाच्या २० टक्केच उन्हातले काम द्यावे आणि पुढे रोज २० टक्क्यांहून जास्त वाढवू नये. या हिशेबाने चौथ्या दिवशी तो ८० टक्क्यांवर येतो. आपल्याकडे चौथ्या दिवशी त्याच्याकडून जुन्या माणसाएवढे काम करून घेऊन झालेले असते, आणि चक्कर आली तर तो सावलीत जाऊन बसायलाही लाजतो, कारण शेजारचा पन्नाशीचा माणूस उभा असतो. त्या पन्नाशीच्या माणसाने कित्येक उन्हाळे काढलेले आहेत, हे त्याला कोणी सांगितलेले नसते.

भाचा आता एका लहान प्रेस शॉपमध्ये आहे. तिथे मी मुद्दाम जाऊन आले. फोरमन साठीचे, बोलायला मोजके. नव्या मुलाला तिथे पहिला महिना पिवळी टोपी घालावी लागते, म्हणजे शॉपमधल्या कोणीही त्याच्याकडे लक्ष ठेवावे आणि चुकते आहे असे वाटले तर थांबवावे. त्या महिन्यात त्याचे नग मोजले जात नाहीत, फळ्यावर त्याचे नाव लिहिले जात नाही आणि मजुरी पूर्ण मिळते. रोज सकाळी प्रेसची वीज बंद असताना फोरमन साच्यात काही तरी उणे ठेवतात, कधी एखादा बोल्ट सैल, कधी गार्डची जाळी अर्धवट बसवलेली, आणि मुलाला सुरू करण्याआधी तपासायला सांगतात. ज्याच्या ते लक्षात येते आणि जो बटणाला हात न लावता हाक मारतो, त्याची पाठ ते सगळ्यांसमोर थोपटतात. मी विचारले, यात उत्पादन मागे पडत नाही का? ते म्हणाले, “पडते ना. पहिल्या महिन्यात पडतेच. ते मी भावातच धरतो, पार्टीला तसं सांगतो.” काही पार्ट्या त्यामुळे दुसरीकडे गेल्या, हेही त्यांनी लपवले नाही.

आम्ही बोलत होतो तेवढ्यात पिवळ्या टोपीतल्या एका मुलाने लांबूनच हात वर केला. फोरमन उठून गेले, वाकून पाहिले, काही तरी बोलले आणि परत आले. बिघाड काही नव्हता, तेल ठिबकत होते. थोड्याच वेळात त्या मुलाने पुन्हा हात वर केला. ते पुन्हा उठले.